जनाचा प्रश्न

"पेशंटला जरा बाहेर बसवा," डॉक्टर म्हणाले.

जना उठली. कुंभिवलीहून सकाळीच निघून ती नवऱ्याबरोबर कर्जतच्या दवाखान्यात आली होती. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मालोजीच्या हातात होता. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सोबतीला पद्मजाला पाठवलं होतं. सहा वर्षांपूर्वी पद्मजाचं एक स्तन काढलं होतं. आज फक्त शेजारी बसायचं, एवढंच ती ठरवून आली होती.

पण तिने जनाचा हात धरला. "बस गं."

"नातेवाइकांचीच तशी इच्छा आहे," डॉक्टर म्हणाले.

"ताई, तिला सोसायचं नाय," मालोजी हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मालोजीदादा, मलाही असंच बाहेर बसवलं होतं. आत माझ्या जिवावर बोलणं चाललं होतं आणि मी बाकावर बसून मुलीला कोण सांभाळेल ते ठरवत होते. अर्धा तास. ऑपरेशन सोसलं मी. तो अर्धा तास अजून सोसत नाही."

जना नवऱ्याकडे वळली.

"कॅन्सर हाय ना?" जनाने विचारलं.

मालोजीने मान खाली घातली. जना पद्मजाकडे बघत राहिली. मालोजीच्या चेहऱ्यावरून पद्मजाला उत्तर कळलं होतं. ती डॉक्टरांकडे वळली.

"तिने विचारलंय. तिलाच सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, खुर्ची जनाकडे वळवली. "हो, बाई. कॅन्सर आहे. पण पसरलेला नाही. ऑपरेशन करू, मग औषधं. बरं होण्याची आशा चांगली आहे."

जनाने पदर तोंडाला लावला. मग पदर खाली घेतला.

"केस जातील?"

"जातील. परत येतील."

"आन् हा हात? भात लावायला येईल?"

"व्यायाम केलात तर येईल."

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. मालोजीने सवयीने पेन उचललं. जनाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"सही माझी हाय. पर आदी वाचून दावा, ताई."

पद्मजाने कागद वाचला. जनाचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. शेवटच्या ओळीवर ते थांबलं.

"मधलं कळलं नाय. परत वाचा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पद्मजाने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.