बाळसं

"बाळसं धरलंय ना, डॉक्टर?" लेकाला वजनकाट्यावर ठेवत तिने कौतुकाने विचारलं.

नव्या औषधाला परवानगी मिळेपर्यंत याला जपा, असं त्यांनीच सांगितलं होतं. परवानगीला वर्ष लागलं. मान न धरणाऱ्या त्या पोराला तिने रोज मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व, तुपातला शिरा भरवला होता.

डॉक्टर काट्याकडे बघतच राहिले. "काल परवानगी आली, ताई. पण औषध बारा किलोच्या आतल्या मुलांनाच द्यायचं, अशी अट घातलीय. हा थोडा वर गेलाय."

"थोडाच ना?" तिने घाईघाईने त्याचे कपडे उतरवले, पायांतले वाळे काढले. "आता बघा."

डॉक्टरांनी मान हलवली.

ती वाकली. दातांनी त्याच्या कमरेचा करगोटा तोडला.

"आता?"