एक नंबर, एकशे त्रेचाळीस बाया

“एकशे त्रेचाळीस बाया आहेत काका, आणि नंबर एकच,” देवश्रीने लॅपटॉप शरदकडे वळवला. “कुणाचा हा?”

शरदने खिशातला चष्मा काढलाच नाही. नंबर त्याला पाठ होता.

“आमच्या हिचा.”

शरदच्या बायकोला, शशिकलाकाकूंना, जाऊन पाच महिने झालेत, एवढं देवश्रीला ठाऊक होतं. ती इंदूरहून दुकानाच्या कॉम्प्युटरच्या कामासाठी आली होती. साड्या आणि शिवून दिलेले ब्लाउज, असं शरदच्या घरचं एक दुकान इथे देवासला आणि एक धारला. दोन्हीकडची माहिती आजवर वेगवेगळ्या कॉम्प्युटरात होती. देवासला जे अस्तर ‘मेंदी’ होतं, तेच धारला ‘हरा दो नंबर’. आता सगळं क्लाउडवर एका जागी जायचं होतं, एकेक भाग करून. माल गेला होता, बिलं गेली होती. आज गिऱ्हाइकं जायची होती, म्हणून शरदच्या मुलाने, अभिषेकने, वडिलांना मुद्दाम दुकानात बोलावून घेतलं होतं. जुनी नावं त्यांना माहीत असतील, असं त्याला वाटलं होतं.

“देवासच्या एक्क्याण्णव, धारच्या बावन्न,” देवश्री म्हणाली. “दुकानं अलग होती तोवर कळलं नाही. आता सिस्टिम म्हणते, ही एकच बाई आहे. मर्ज करू का, विचारते.”

“मर्ज म्हणजे?”

“सगळ्या एकीत घालायच्या. ब्लाउजचं जे नाप शेवटचं घेतलेलं असेल ते राहील. बाकीची गेली.”

अभिषेक गल्ल्यावरून उठून आला. “आईचंच काम हे. जुन्या कॉम्प्युटरात नंबर टाकल्याशिवाय बिल निघायचं नाही ना, मग स्वतःचाच ठोकून द्यायची. धारच्या काउंटरवरच्या जान्हवीलाही तेच शिकवून ठेवलंन.”

“उगाच नाही,” शरद म्हणाला. “खेड्यातल्या बाया. फोन असतो तो नवऱ्याचा. बिलाचा मेसेज त्याच्याकडे गेला की घरी महाभारत.”

“बरं, मग सगळ्यांचा नंबर काढून टाकू. नावं आणि नापं तरी वाचतील. आणि बाबा, ते सिमही आता बंद करून टाका. कोणाचा फोन येतो त्यावर?”

फोन कोणाचा येत नव्हता. मेसेज येत होते. दुपारी घर अगदी शांत झालं की शशिकलाचा फोन वाजायचा. पीपलरावां गावच्या रतनबाईने साडीला फॉल लावून नेला. धरमपुरीच्या भागवंतीने तीन ब्लाउज शिवायला टाकले. शरद एकेक वाचायचा. यातल्या एकीलाही त्याने पाहिलेलं नव्हतं. पण कोण किती दिवसांनी येते, हे त्याला कळायला लागलं होतं. एखादी बरेच दिवस आली नाही की त्याला चैन पडत नसे.

“नंबर काढला तर मेसेज बंद होतील?” त्याने देवश्रीला विचारलं.

“हो ना काका. नंबरच नाही तर पाठवणार कुठे?”

“भागवंतीचे ब्लाउज तयार झाल्याचा मेसेज यायचाय अजून.”

अभिषेकने खाली बघून काउंटरवरची टेप गुंडाळायला घेतली.

शरदने विचारलं, “घरातल्या चार माणसांचा एकच नंबर असला, तर तुझी सिस्टिम काय करते?”

“त्याला फॅमिली खातं असतं. वर कुटुंबप्रमुख, खाली मेंबर. पण काका, एकशे त्रेचाळीस मेंबर?”

“घेत नाही?”

देवश्रीने दोन-तीन ठिकाणी बघितलं. “लिमिट तर कुठे लिहिलेली नाही.” तिला हसू आलं. “प्रमुख कोण टाकू? काकूंना तर...”

“मला टाक.”

“बाबा, मोहल्ल्यात कळलं ना,” अभिषेक म्हणाला, “एकशे त्रेचाळीस बायांचं कुटुंब!”

“कळू दे.”

“अभिषेक भिया, हे प्रत्येकीचं नातं पण विचारतंय. पत्नी, मुलगी, सून, बहीण, इतर.”

“सगळ्यांना इतर टाक आणि मोकळी हो.”

“इतर कशाला?” शरद म्हणाला. “बहीण टाक. धारच्यांनाही.”

देवश्री एकेक नाव घेत खाली चालली. बहीण. बहीण. बहीण. अर्धा तास दुकानात तेवढाच आवाज होता. आत तुकाराम टेलरची मशीन मधून मधून चालायची. मग देवश्री थांबली.

“काका, यात काकूंचं स्वतःचं पण नाव आहे. नापासकट.”

“तिला बहीण नको टाकूस,” शरद म्हणाला.

देवश्रीने मान न उचलता दुसरं नातं निवडलं.

यादी संपली. अभिषेकने धारला फोन करून जान्हवीला काउंटर सुरू करायला सांगितलं. फोन ठेवता ठेवता त्याच्या लक्षात आलं.

“बाबा, पण फॅमिली खात्यात दर खरेदीला याच नंबरवर कोड येतो. तो सांगितल्याशिवाय बिल निघणार नाही. धारवरूनही विचारतील. तुम्ही घरी झोपलेले असलात तर?”

शरदने खिशातून शशिकलाचा फोन काढला. काउंटरची फळी उचलली आणि तो आत आला.

“इथे चार्जर कुठे लावतात?” त्याने विचारलं.