फळ्यावरचा योगायोग

सरांच्या पत्नीला अतिदक्षता विभागात ठेवून तिसरा दिवस होता. खाटेशेजारचा पंप तिच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडत होता. ते जरा जास्त गेलं तरी हृदय बंद पडतं, असं नर्सने सकाळीच बजावलं होतं. भेटायला आलेला सरांचा जुना विद्यार्थी पंप बघून एकदम खुलला.

“सर, याचं सॉफ्टवेअर आमच्या टीमचं! काकूंचा डोस इथल्या बटणावरूनही वाढतो आणि दाराजवळच्या काउंटरवरूनही.”

“आणि दोन्हीकडून एकाच क्षणी वाढवला तर?” सरांनी सवयीने विचारलं.

“याच प्रश्नात तुम्ही मला नापास केलं होतंत, सर. तेही दोनदा!” तो हसला. “अहो, असले योगायोग फक्त फळ्यावर होतात. तरी मी साहेबांकडे तपासायला महिनाभराचा वेळ मागितला होता. ते म्हणाले, तुला पंप विकायचाय की पीएचडी करायचीय?”

“मग?”

“मग काय, विकला. आठशे हॉस्पिटलांत चालू आहे. एकाही पेशंटची तक्रार नाही.”

“पेशंट कुठून करणार?” सर पुटपुटले.

तेवढ्यात डॉक्टर दारातून डोकावले. मॉनिटरकडे बघून, “डोस एका टप्प्याने वाढवा,” असं मोठ्याने सांगून घाईघाईने पुढे गेले.

 

“हो, डॉक्टर,” खाटेजवळची नर्स आणि काउंटरवरची नर्स एकदमच म्हणाल्या.