पत्ता नसलेला क्लब

सन २००४. निनादचा टेक्नो क्लब मँचेस्टरमध्ये कधी बंद गिरणीत भरायचा, कधी रिकाम्या गोदामात. नाचणाऱ्यांनाही पत्ता तासभर आधी एसेमेसवर कळायचा. पोलिसांना सापडलं की स्पीकर जप्त! म्हणून बाहेर पाटी नाही, दिवा नाही, भिंतींना आतून गाद्या.

आईने मात्र बजावलं होतं, "दसऱ्याला पूजा केलीय मी त्या स्पीकरांची. काय तो धुडगूस घाल बाबा, पण त्यांच्यापुढे आपली रीत पाळ."

मुलगा मोठा आज्ञाधारक. पाळायचा.

तरी एकदा पोलीस आलेच.

"ऑफिसर, आवाज नाही, उजेड नाही. मग तुम्हाला कळलं कसं?"

ऑफिसरने फुटपाथवर टॉर्च मारला.



दारापासून पार कोपऱ्यापर्यंत, नाचणाऱ्यांचे बूट जोडीजोडीने ओळीत काढून ठेवले होते.