वाढीव विश्रांती

शहागडहून चुलतभाऊ भारतचा फोन आला तेव्हा तो हाँगकाँगच्या हॉटेलात होता. "दादा, आबा गेले. माती थांबवून ठेवलीय, येऊन राह्यले ना?" आबा म्हणजे चुलते, ट्रक चालवून त्याला मालवाहू विमानाचा पायलट करणारे. त्यानं कंपनीकडे रजा मागितली. "सॉरी कॅप्टन, युनियनच्या करारात दुखवट्याची रजा आई, वडील, बायको, मुलांपुरती आहे. चुलते बसत नाहीत." करारावर युनियनचा सचिव म्हणून त्याचीच सही होती. वाटाघाटीत कंपनी चुलत्यांनाही धरायला तयार होती, पण त्या बदल्यात उड्डाणांमधल्या दोन तासांच्या वाढीव विश्रांतीवर पाणी सोडावं लागलं असतं. "चुलत्यासाठी कोण रजा मागतंय?" तोच हसून म्हणाला होता. "भारत, उरकून घ्या," त्यानं सांगितलं. व्हिडिओ कॉलवर चिता पेटली, तेव्हा त्याच्या विश्रांतीचे ते वाढीव दोन तास नुकतेच सुरू झाले होते.