डुप्लिकेट

रेल्वेतून रिटायर होऊन चौबे कॉलोनीतल्या घरी बसलो, तेव्हा कळलं की दुपारी माझ्या घरात आणखी एक पुरुष असतो. टीव्हीवरच्या जुन्या मारधाडीच्या पिक्चरचा हिरो!

बायको, मंदाकिनी, टीव्हीसमोर मेथी निवडत बसते. हिरो गाणं म्हणायला लागला की हिची मान खाली. पण तो घोड्यावरून धावत्या रेल्वेवर झेपावला, की हिचे हात जागच्या जागी थांबतात. मी जन्मभर रेल्वेत राबलो. माझ्यासाठी हे हात कधी थांबले नाहीत.

काल मला राहवलं नाही. म्हटलं, "एवढं काय पाहून राहिली? उडी मारणारा तो हिरो नाहीच. डुप्लिकेट आहे त्याचा! म्हणून तर नुसती पाठ दाखवतात."

"माहीत आहे मले," ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली.

"मग काहून पाहतं?"



"आमच्या समता कॉलोनीतला पोट्टा तो डुप्लिकेट. तुमच्या आधी मले पाहायले आला होता. पण आमच्या बाबाले रेल्वेतलाच जावई पाहिजे होता."