लेबलावरचा साधू

गावच्या मठातला शेवटचा साधू गेल्या हिवाळ्यात वारला, पण ओडिलोनच्या घरच्या बिअरच्या बाटलीवरचा साधू अजून गालभर हसत होता. आज ब्रसेल्सहून पाहुण्यांची बस यायची होती. पुतण्या वाउटरने भाड्याने आणलेला झगा काकासमोर धरला.

"लेबलावरचा साधू दारात उभा दिसला, की बिअर दुप्पट खपते, काका. तुम्हाला दाढी आहे, बायको नाही, अजून काय पाहिजे?"

ओडिलोनने झगा चढवला. वरून घालायची लांब काळी पट्टी हातात आली, तेव्हा त्याने आधी तिला ओठ लावले आणि मगच ती गळ्यात घातली.

वाउटर खो खो हसला. "अहो, बस अजून आली नाही. आत्तापासून कशाला नाटक?"

खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेली ओडिलोनची आई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"ये इकडे," ती म्हणाली. "तुझ्या अंगावरचा झगा उतरवून बाबांनी तुला मठातून घरी आणलं, तेव्हा केवढा रडला होतास! मी म्हटलं, रडू दे. देवाला माणसं पुष्कळ मिळतील, आपल्या बिअरच्या कढईपाशी कोण उभं राहणार?" तिने त्याच्या बाहीवरची सुरकुती सारखी केली. "शेवटी काय अडलं रे तुझं? झगाही मिळाला, आणि घरही सुटलं नाही."